सकाळी धबधबे, दुपारी बर्फ, आणि माणशी मोज्यांचे तीन जोड

आमच्याकडे भारतातून कुणी आलं की ही सहल ठरलेली. अमेरिकेत ऑरेगन राज्यात, पोर्टलंडशेजारी बीव्हर्टनला येऊन मला चौदा वर्षं झाली. आई-बाबा, सासू-सासरे दोनदा, नणंद आणि तिची दोन कार्टी, नवऱ्याचा पुण्याचा मित्र, मग त्या मित्राचे काका-काकू असं धरून अकरा वेळा मी हा फेरा मारलाय. सकाळी कोलंबिया नदीच्या खोऱ्यातले धबधबे, दुपारी माउंट हूडच्या अंगावर जवळजवळ सहा हजार फुटांवरचं टिंबरलाइन लॉज, रात्री घरी येऊन पिठलं-भात. दोनशे मैलांच्या आतबाहेरचं रिंगण आहे.

पोर्टलंडकडची बरीच मराठी मंडळी हे दोन दिवसांत करतात. एका दिवसात आरामात होतं, फक्त त्यात एक गोम आहे आणि ती मला पहिल्याच वेळी नडली. सकाळी धबधब्याखाली माणूस भिजतो आणि दुपारी तोच भिजलेला माणूस बर्फात उभा राहतो. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मार्च संपत आला होता. "मी साडीच नेसणार," म्हणाल्या. मीही हट्ट धरला नाही. मल्टनोमा धबधब्याच्या तुषारांनी साडीचा काठ वीतभर ओला झाला. टिंबरलाइनच्या पार्किंगमध्ये उतरलो आणि दहा मिनिटांत तो काठ पापडासारखा कडक. चालताना घोट्यावर टक्टक् आपटायला लागला. त्या हसत होत्या, पण कॅनव्हासच्या बुटांतली पावलं बधिर झाली होती आणि तासाभराचं लॉज आम्ही शेकोटीपुढे पाय शेकण्यातच घालवलं. तेव्हापासून माझं सगळं नियोजन पायांपासून सुरू होतं. बाकी गोष्टी पुढेमागे झाल्या तरी चालतात.

कधी जायचं

एप्रिलचा मधला पंधरवडा ते मेचा पहिला आठवडा. त्या दिवसांत पाऊस आणि वितळता बर्फ दोन्ही मिळून धबधबे तुडुंब असतात, वर लॉजभोवती बर्फाच्या भिंती अजून उभ्या असतात, आणि मधल्या हूड रिव्हरच्या खोऱ्यात नासपती-सफरचंदाच्या बागा फुललेल्या असतात. तीन ऋतू एका दिवसात. जुलै-ऑगस्टात पाणी रोडावतं, लॉजच्या दारात नुसती माती असते, आणि मल्टनोमाच्या हायवेलगतच्या पार्किंगसाठी उन्हाळ्याच्या गर्दीत वेळ आधी राखून ठेवावी लागते. जानेवारीत पायवाटांवर बर्फाची काच होते. म्हाताऱ्या माणसांना घेऊन तर नकोच.

शनिवार-रविवार टाळा. आम्ही मंगळवारी किंवा बुधवारी नवऱ्याला रजा काढायला लावतो.

आदल्या रात्री

प्रत्येकाची एक कापडी पिशवी भरा आणि तिच्यावर नाव लिहा. आत लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड (तिसरा सकाळी पायात असेल), एक कोरडी पँट, कानटोपी, हातमोजे आणि पावाच्या दोन रिकाम्या प्लास्टिक पिशव्या. पिशव्या कशाला ते पुढे सांगते. सुती मोजे घेऊ नका. सुती मोजा भिजला की पाणी धरून बसतो आणि पाय गार पडतो, लोकर ओली झाली तरी थोडी ऊब टिकवते. भारतातून येणाऱ्यांकडे लोकरीचे मोजे नसतात, नसणारच. ते इथून घेऊन ठेवा, पाहुणे बदलले तरी मोजे तेच चालतात. माझ्याकडे आता डझनभर झालेत.

साडीवाल्यांना मी हल्ली स्पष्टच सांगते: सलवार, आतून थर्मल, वरून पाऊसकोट. सासूबाई दुसऱ्या वेळी आल्या तेव्हा न सांगता सलवार घालून खाली आल्या. "काठ कडक होतोय नं," एवढंच म्हणाल्या.

गाडीत टायरच्या साखळ्या हव्यात. माउंट हूडच्या रस्त्यांवर पाटी लागली की साखळ्या जवळ बाळगणं किंवा तसे टायर असणं सक्तीचं होतं, आणि एप्रिलमध्येही ती पाटी लागते. साखळ्या आणल्यावर त्या घरच्या अंगणात, कोरड्यात, एकदा चढवून उतरवून बघा. मी बघितलं. पहिल्यांदा पंचवीस मिनिटं लागली, कारण आतल्या बाजूचा आकडा टायरमागे हाताला लागत नव्हता. सासरे टॉर्च धरून उभे होते आणि दर दोन मिनिटांनी "डावीकडे, डावीकडे" म्हणत होते. दुसऱ्यांदा सात मिनिटांत झालं. पायाखालचं रबरी मॅट काढून त्यावर गुडघे टेका, बर्फात ते लक्षात ठेवा. भाड्याची गाडी असेल तर साखळ्यांबद्दल करारात काय लिहिलंय ते आधी वाचा, बऱ्याच करारांत त्या लावायला मनाई असते.

दुसरा कागद म्हणजे स्नो-पार्कचा परवाना. 1 नोव्हेंबर ते 30 एप्रिल या काळात डोंगरावरच्या ठरावीक पार्किंगमध्ये तो काचेवर दिसायला हवा. एका दिवसाचा मिळतो, वर्षाचाही मिळतो, आणि आदल्या दिवशी गावातल्या दुकानातून घेऊन ठेवलेला बरा. रस्त्याची हालत बघायला ट्रिपचेक ही ऑरेगनच्या वाहतूक खात्याची साइट आहे, तिच्यावर लॉजच्या खालच्या गव्हर्नमेंट कँप गावाचा कॅमेरा दिसतो. मी तो झोपताना एकदा आणि सकाळी चहाबरोबर एकदा बघते. रस्ता काळा दिसला तर निघायचं. पांढरा दिसला तर धबधबे बघून हूड रिव्हरहून परत फिरायचं, वर जायचा हट्ट करायचा नाही.

डब्यात मेथीचे पराठे, कोरडी चटणी, दोन थर्मास चहा. आणि बाकरवडीचं एक न फोडलेलं पाकीट. ते शेवटपर्यंत फोडू नका.

धबधबे

साडेसहाला घर सोडा. शौचाला घरूनच जाऊन या, कारण पुढची भरवशाची सोय मल्टनोमालाच आहे आणि ती सव्वादोन तासांनी येते. हे मी दर वेळी निघताना दारात सांगते, आणि दर वेळी कुणीतरी लाजून "नाही, ठीक आहे" म्हणतं आणि मग पाऊण तासात खिडकीबाहेर बघत गप्प होतं.

हायवे 84 ने पूर्वेला निघालात की थेट मल्टनोमाला जायचा मोह होतो. तसं न करता 22 नंबरच्या एक्झिटला कॉर्बेटला उतरा आणि जुना कोलंबिया नदी महामार्ग धरा. 1913 मध्ये याचं काम सुरू झालं आणि सॅम्युअल लँकेस्टर या इंजिनिअरने तो आखला. चढ पाच टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही, हा त्याचा नेम. त्या काळच्या गाड्यांच्या इंजिनांना त्याहून जास्त झेपत नव्हतं. माझे सासरे बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत, साताऱ्याकडचे निम्मे घाट त्यांनी पायी मोजलेत. क्राउन पॉइंटवरून खाली उतरणारी ती वेटोळी बघून त्यांनी गाडी थांबवायला लावली, उतरले आणि कठड्याच्या दगडी कमानींवरून हात फिरवत बराच वेळ चालले. शेवाळ नखाने खरवडून सांधा बघितला. "घडाईचा दगड आहे. सांध्यात सुरी जायची नाही." हे काम इटालियन गवंड्यांनी केलं होतं, हे मी त्यांना नंतर सांगितलं. "असणारच," म्हणाले, जसे काही ते गवंडी त्यांच्या ओळखीचे होते.

क्राउन पॉइंट म्हणजे नदीपासून 733 फुटांवरचा कडा आणि त्याच्या टोकावर 1918 साली पुरं झालेलं व्हिस्टा हाउस, दगडी, आठ कोनी, घुमटवालं. सव्वासातला ते बंद असतं, पण आपल्याला आत जायचंच नाहीये, बाहेरून नदीचं खोरं बघायचं आहे. इथे एक काळजी घ्या. गाडीची दारं एका वेळी एकच उघडा, तेही दोन्ही हातांनी धरून. वाऱ्याने दार हिसकावून बिजागरी वाकलेली मी डोळ्यांनी बघितली आहे. दहा मिनिटं पुरतात. कानटोपी इथपासूनच.

तिथून अडीच-तीन मैल खाली लाटरेल धबधबा. बरेच जण गाडीतूनच बघून पुढे जातात आणि माझ्या मते इथेच चुकतात. मला स्वतःला हा सगळ्यांत आवडतो. दोनशे फुटांहून उंच सरळ धार, कड्याला कुठेही न टेकता खाली येते, कारण कडाच आत वाकलेला आहे. मागे बेसॉल्टचे षटकोनी खांब, जणू पेन्सिली बांधून उभ्या केल्यात, आणि त्यावर पिवळ्याधमक दगडफुलाचा मोठा पट्टा. ढगाळ सकाळीही तो पिवळा रंग उजेड असल्यासारखा दिसतो. पार्किंगपासून उतरून पायथ्याशी जायला काही मिनिटं लागतात. गुडघ्यांची तक्रार असणारेही हळूहळू जाऊ शकतात, येताना चढ आहे एवढंच. पूर्ण वेढ्याची वाट वर दुसऱ्या धबधब्यापर्यंत जाते, सव्वादोन मैलांच्या वर होते, पण आजच्या दिवसात ती बसत नाही.

त्या खांबांपुढे उभे राहून सासरे म्हणाले, "हा तर आपला काळा फत्तर." खरंच आहे. सह्याद्रीही लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालाय, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. इथले थर बरेच अलीकडचे, दीड-पावणेदोन कोटी वर्षांपूर्वीचे, पण प्रकार तोच. जमिनीला भेगा पडल्या, लाव्हा पसरला, निवला, पुन्हा पसरला. मग हिमयुगाच्या अखेरीस, पंधराएक हजार वर्षांपूर्वी, मोंटानातल्या एका प्रचंड तळ्याचा बर्फाचा बांध पुन्हा पुन्हा फुटत राहिला आणि त्या पुरांनी या खोऱ्याच्या बाजू तासून सरळ केल्या. बाजूने येणारे ओढे वरच लटकत राहिले. म्हणून इथे काही मैलांत इतके धबधबे.

आता महत्त्वाचं. तीनच धबधबे बघा. वाटेत आणखी पाच-सहा पाट्या येतील, शेपर्ड्स डेल, ब्रायडल व्हेल, वाकीना. प्रत्येक ठिकाणी "पाचच मिनिटं" म्हणून उतरलात तर दुपारचे दोन वाजतात आणि लॉजला पोचायला उशीर होतो. चौथ्या धबधब्यापुढे लोक धबधब्याकडे पाठ करून फोनवर फोटो पाठवत उभे असतात, हे अकरा फेऱ्यांचं निरीक्षण आहे.

मल्टनोमाला नऊच्या आत पोचा. जुन्या रस्त्यालगतचं पार्किंग छोटं आहे, भरलं की भरलं. एकूण 620 फूट उंची, दोन टप्पे, आणि मधोमध 1914 मधला बेन्सन पूल. पुलापर्यंतची वाट डांबरी आणि जेमतेम पाव मैलाची, पण चढ आहे. सासूबाईंनी पुलाच्या कठड्याला धरून वर बघितलं आणि म्हणाल्या, "बरंय. पण तू पावसात ठोसेघरला उभी राहा एकदा." मी वाद घातला नाही. पुलावर फार वेळ मात्र रेंगाळू नका. 1995 च्या सप्टेंबरात वरच्या कड्यावरून बसएवढा दगड सुटून वरच्या कुंडात पडला, आणि फोटोसाठी पुलावर उभ्या असलेल्या लग्नाच्या मंडळींवर पाणी आणि खडी उसळली. माणसं किरकोळ जखमांवर निभावली. पुढे माथ्यापर्यंत अकरा वळणं आहेत, येऊन-जाऊन अडीच मैल. धडधाकट तरुणांना जायचं असेल तर त्यांना सव्वा तास द्या आणि ज्येष्ठांना खालच्या लॉजमध्ये कॉफी घेऊन बसवा. हे लॉज 1925 चं आहे. 2017 च्या सप्टेंबरात एका पोराने घळीत फटाका टाकला आणि जवळजवळ पन्नास हजार एकर जळालं, तेव्हा अग्निशामक दलाच्या लोकांनी रात्रभर उभं राहून हे वाचवलं. उतारांवरचे काळे ओंडके त्याच आगीतले. त्यांच्याखाली आता नेचे आणि तीन पाकळ्यांची पांढरी ट्रिलियमची फुलं येतात. ती तोडायची नाहीत.

तिसरा धबधबा पोनीटेल. मल्टनोमापासून अडीच मैल पूर्वेला रस्त्याच्या कडेलाच हॉर्सटेल धबधबा दिसतो, तिथे गाडी लावा आणि वरची वाट धरा. अर्ध्या मैलाच्याही आत, थोडी वळणं चढून, तुम्ही एका मोठ्या कपारीपाशी येता आणि वाट चक्क पाण्याच्या मागून जाते. लाव्ह्याच्या दोन थरांमधली मऊ माती झिजून ही कपार झाली आहे. आत उभं राहिलं की छपरातून थेंब टपटपतात, पायाखाली काळी भुसभुशीत माती असते, आणि समोर धार पडते तिच्या पलीकडे सगळं जंगल हिरवं, हलणारं, पातळ दिसतं. आवाज इतका की बोलायचं तर कानाशी जावं लागतं. खालच्या दगडांवर एक करडा, चिमणीहून मोठा पक्षी सारखा गुडघे वाकवून उठाबशा काढत असतो आणि मध्येच सरळ वाहत्या पाण्यात शिरतो. डिपर म्हणतात त्याला. नणंदेच्या धाकट्याने तो पाण्याखालून बाहेर येईपर्यंत श्वास रोखून धरला होता. सासूबाई इथे काही म्हणाल्या नाहीत. बराच वेळ थांबल्या आणि उतरताना म्हणाल्या, "मागून नव्हतं बघितलं कधी."

या वाटेवर कडेच्या झुडपांना हात लावू नका. तीन-तीन चकचकीत पानांचं, वसंतात लालसर दिसणारं पॉयझन ओक इथे आहे. अंगाला लागलं तर आठवडाभर खाजवत बसाल. हातात काठी असेल तर बरं, वाट ओली आणि खडीची आहे.

गाडीशी आलात की पहिला बदल: ओले मोजे काढा, पाय पुसा, दुसरा जोड घाला. सगळे म्हणतात, "आत्ता नको, वर गेल्यावर." ऐकू नका. बूट आतून ओले असतीलच. त्यावर उपाय म्हणून कोरड्या मोज्यावर पावाची पिशवी चढवायची आणि मग पाय बुटात घालायचा. दिसायला वेडगळ, चालताना किंचित चुरचुर आवाज येतो, पण ओल मोज्यापर्यंत पोचत नाही. काकूंनी आधी नाक मुरडलं आणि संध्याकाळी दोन पिशव्या घडी करून पर्समध्ये ठेवल्या.

हूड रिव्हर आणि पस्तीस नंबर

35 नंबरच्या एक्झिटपाशी पुन्हा हायवेला लागा आणि अर्ध्या तासात हूड रिव्हर. इथे तीन कामं: जेवण, शौचालय, पेट्रोल. जेवण म्हणजे नदीकाठच्या बाकावर पराठे, नाहीतर गावात पिझ्झा. नदीवर वारा खूप असतो म्हणून पंगतीच्या कागदी थाळ्या उडतात, स्टीलचे डबे आणा. टाकी अर्ध्याच्या खाली असेल तर भरून घ्या. पेट्रोल स्वतः भरायला ऑरेगनने 2023 मध्येच सरसकट परवानगी दिली. त्याआधी माणूसच भरायचा, आणि अजूनही बऱ्याच पंपांवर तो असतो. सासरे त्याला दर वेळी "थँक्यू साहेब" म्हणतात.

मग हायवे 35 ने दक्षिणेला. हा रस्ता मी कितीही वेळा गेले तरी गाडीतल्या गप्पा इथे आपोआप थांबतात. दोन्ही बाजूंना नासपतीच्या पांढऱ्या बागा, आणि त्यांच्या टोकाला अख्खा माउंट हूड. इथल्या मूळ लोकांचं त्याचं नाव वायईस्ट. अकरा हजार दोनशे फुटांहून थोडा उंच, अजून जिवंत ज्वालामुखी. ढग असतील तर यातलं काहीच दिसत नाही, नुसतं झाडांमधून चढत राहायचं. आमच्या अकरांतल्या चार फेऱ्या अशा गेल्या.

नदीकाठ जवळजवळ समुद्रसपाटीवर आहे आणि बेनेट पास 4,674 फुटांवर. कानात दडे बसतात, लिमलेटच्या गोळ्या वाटा. डॅशबोर्डवरचा तापमानाचा (फॅरनहाइटमधला) आकडा मुलांना मोठ्याने वाचायला सांगा: अठ्ठावन्न, बावन्न, पंचेचाळीस, अडतीस. चाळिशीखाली आला की वेग कमी. झाडांच्या सावलीतला रस्ता ओला दिसतो तो ओला असतोच असं नाही.

पोरं बरोबर असतील तर व्हाइट रिव्हरच्या स्नो-पार्कला थांबा. घसरगुंडीची जागा हीच. टिंबरलाइनला लॉजसमोर घसरगुंडी करू देत नाहीत आणि तिथे गेल्यावर पोरांची समजूत घालणं अवघड जातं. थर्मासातला पहिला चहा इथे काढा. बर्फात हात घालण्याआधी हातमोजे, हे भारतातून आलेल्या मोठ्या माणसांनाही सांगावं लागतं. सगळ्यांना आधी उघड्या हाताने गोळा करून बघायचा असतो. बघू द्या, पण एकदाच.

लॉज

35 जिथे 26 ला मिळतो तिथून गव्हर्नमेंट कँपच्या दिशेने वळा, आणि टिंबरलाइनची पाटी दिसली की उजवीकडे सहा मैल चढ. साधारण साडेतीनला पोचलात तर उत्तम, स्कीवाल्यांच्या गाड्या उतरायला लागलेल्या असतात आणि जागा मिळते. उतरायच्या आधी दुसरा बदल: तिसरा मोजा, कोरडी पँट, कानटोपी. आता बाकरवडीचं पाकीट बाहेर काढा. खाली सपाट असलेलं ते पाकीट इथे उशीसारखं टम्म फुगलेलं असतं. सहा हजार फुटांवर हवा विरळ म्हणजे काय, हे नणंदेच्या थोरल्याला शाळेत चार तास शिकवून कळलं नव्हतं ते इथे एका पाकिटाने कळलं. आता फोडा.

लॉजमध्ये खोली घेतलेली नसली तरी आत जाता येतं, संकोच करू नका. मंदीच्या काळात हाताला काम देण्याच्या सरकारी योजनेतून ते उभं राहिलं. बांधकामाला पंधराएक महिने लागले, 28 सप्टेंबर 1937 ला अध्यक्ष रूझवेल्ट येऊन लोकार्पण करून गेले, आणि 1938 च्या सुरुवातीला ते उघडलं. दुष्काळी कामावरचे रस्ते आणि तलाव आपल्याकडच्या मागच्या पिढ्यांना ठाऊक आहेत, सासऱ्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागली नाही. "रोजगार हमीचं," म्हणाले. "पण काय काम काढलंय!"

बहुतेक लोक आत शिरून मधल्या प्रचंड सहा कोनी चिमणीचा फोटो काढतात आणि शेकोटीपुढे जागा धरतात. तुम्हीही तेच करा, पण त्याआधी जिना बघा. जिन्याच्या खांबांच्या माथ्यावर घुबड, बीव्हर, अस्वल असे प्राणी कोरले आहेत, आणि ते खांब म्हणजे टाकून दिलेले देवदाराचे तारेचे खांब आहेत. घुबडाचं डोकं इतक्या हातांनी कुरवाळलंय की तिथला लाकडाचा रंग तुपासारखा झालाय. शेकोटीत ओंडके टेकवायच्या लोखंडी घोड्या जुन्या रेल्वेच्या रुळांतून घडवल्या आहेत. सासरे त्यांच्यापुढे उकिडवे बसले ते सुरक्षारक्षक जवळ येऊन विचारपूस करेपर्यंत.

आणि गालिचे. त्या योजनेतल्या बायकांनी कामगारांच्या छावण्यांमधली जुनी घोंगडी आणि कपडे फाडून, चिंध्या करून ते विणले होते. मूळचे झिजले, मग त्याच नमुन्यांवर पुन्हा करवून घेतले. मी हे वाचून दाखवत होते तेवढ्यात सासूबाई वाकून कडेचा टाका बघायला लागल्या होत्या. "वाकळच की गं ही," म्हणाल्या. साताऱ्याला त्यांच्या माळ्यावर त्यांच्या सासूच्या लुगड्यांच्या चार वाकळी आहेत. मग त्यांनी चष्मा लावून सगळ्या गालिच्यांची पाहणी केली आणि एका ठिकाणी "इथं घाई केलीय बाईनं" असा शेरा दिला.

वरच्या मजल्यावर चिमणीभोवती गोल फिरणारा सज्जा आहे, तिथे बारची टेबलं. गरम चॉकलेट किंवा गरम सफरचंदाचा रस घ्या आणि खिडकीची जागा मिळेपर्यंत नजर ठेवा. एका खिडकीतून शिखर, दुसऱ्या बाजूने दक्षिणेला दूरवर माउंट जेफरसन. बाहेर फिरायचं असेल तर लॉजच्या आसपासच, स्कीच्या वाटेवर चालू नका. संध्याकाळी ऊन तिरपं झालं की बर्फ आधी पिवळा, मग फिकट गुलाबी होतो. शेवटचा गुलाबी दिसेपर्यंत थांबायचा मोह होईल. एप्रिलच्या मध्यापासून सूर्य पावणेआठच्या पुढे मावळतो, आणि वितळलेलं पाणी त्यानंतर रस्त्यावर गोठायला लागतं. म्हणून साडेसहाला चाक फिरलं पाहिजे. पूर्ण सूर्यास्त बघायचाच असेल तर तिथे खोली घ्या. महाग आहे, आम्ही एकदाच घेतली, लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला.

उतरताना

सासऱ्यांचा घाटातला नियम: ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक गाडीत खालचा गिअर स्वतः निवडा, सहा मैल ब्रेकवर पाय ठेवून येऊ नका, तापलेल्या ब्रेकचा वास गाडीत येतो. गव्हर्नमेंट कँपच्या पश्चिमेला लॉरेल हिलचा उतार लागतो. 1846 पासून पश्चिमेकडे येणारे लोक याच डोंगरावरून बैलगाड्या दोरांनी झाडांना बांधून हळूहळू खाली सोडायचे. ही गोष्ट ड्रायव्हरला सांगू नका, त्याचं लक्ष रस्त्यावर राहू द्या, मागच्या सीटला सांगा. तोवर ती झोपलेली असते.

सँडी गाव ओलांडलं की फोनला पूर्ण रेंज येते आणि सगळ्यांचे फोटो एकदम साताऱ्याला, पुण्याला निघतात. तिकडे सकाळ झालेली असते. आठ-सव्वाआठला घर.

घरी आल्यावर एक काम त्याच रात्री करा. ओले बूट हीटरच्या जाळीवर ठेवू नका, तळवा सुटतो, माझा एक जोड असा गेला. नाड्या पूर्ण सोडा, आतला सुटा सोल काढून वेगळा उभा करा आणि बुटात कागदाचे बोळे घट्ट कोंबा. आमच्याकडे वर्तमानपत्र येत नाही, पण किराणा दुकानांच्या जाहिरातींची पत्रकं पेटीत पडतात, तीच मी वर्षभर साठवते. झोपण्याआधी एकदा बोळे बदला.